ऑक्टोबरला वही उघडा: गावात बसून एनबीएचा अख्खा सीझन असा धरा

आधी घड्याळ लावून घ्या. आमच्या अमळनेर तालुक्यात बास्केटबॉल खेळलेली पोरं कमी नाहीत. शाळेत खेळली, कॉलेजात खेळली, एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधली नावंही त्यांना तोंडपाठ आहेत. पण सीझन कोणी धरत नाही. विचारलं की एकच उत्तर येतं, मॅच कधी असते तेच समजत नाही. म्हणून सुरुवात वेळेपासून.

मॅचची वेळ लिहिलेली असते ती बहुतेक वेळा न्यूयॉर्कची, म्हणजे पूर्व किनाऱ्याची. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेदहा तास पुढे असतो, त्यांची उन्हाळी वेळ चालू असली की साडेनऊ. हिशोब सोपा करून ठेवा. त्यांचे रात्रीचे साडेसात म्हणजे आपले सकाळचे साडेसात धरायचे आणि हिवाळ्यात त्यातून दीड तास वजा करायचा. आले सहा. उन्हाळी वेळेत अडीच तास वजा करायचे. आले पाच. तारीख आपल्याकडे एकाने पुढे. त्यांचं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे. हे दोन रविवार कॅलेंडरवर गोल करून ठेवा. मी एका मार्चमध्ये विसरलो होतो. नेहमीसारखा सहाला बसलो, तर दुसरा क्वार्टर संपत आलेला आणि माझी टीम वीस पॉइंटनी मागे.

माझं दूध संकलन केंद्र आहे. सकाळी सहाला शटर उघडतं, आठ-सव्वाआठला टेम्पो कॅन घेऊन जातो. ही वेळ आणि पूर्व किनाऱ्याच्या मॅचची वेळ एकच. त्यामुळे फोन फॅट मशीनच्या मागे, भिंतीला टेकवून उभा असतो. आवाज बंद. गावाला त्याची सवय झाली आहे.

यावरून पहिला सल्ला: टीम निवडताना स्वतःचा दिवस बघा. तुम्ही सकाळी नऊला दुकान उघडत असाल किंवा शाळेत जात असाल, तर बोस्टन, न्यूयॉर्क, इंडियाना, मियामी अशी पूर्वेकडची टीम घ्या. हिवाळ्यात साडेपाच-सहाला सुरू, आठ-साडेआठला संपते. सकाळ कामाची आणि नऊनंतर मोकळी असेल, तर लेकर्स, वॉरियर्स, सॅक्रामेंटो बघा. पश्चिम किनाऱ्याचं घड्याळ न्यूयॉर्कच्या तीन तास मागे, त्यामुळे त्यांच्या घरच्या मॅच थंडीत आपल्याकडे साडेआठ-नऊला लागतात. मधल्या पट्ट्यात ओक्लाहोमा सिटी, सॅन अँटोनियो, डॅलस. कोणाचीही मोठी नावं ऐकून टीम घेऊ नका. जी टीम तुम्हाला आठवड्यातून दोनदा तरी दिसेल, तीच तुमची होईल.

मी स्वतः मात्र घड्याळ बघून निवडली नव्हती. ऑक्टोबर 2019 मध्ये एनबीएच्या मॅच पहिल्यांदा भारतात झाल्या, मुंबईत वरळीला, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांच्यात. सीझनआधीच्या सरावाच्या दोन मॅच. पहिली पेसर्सने ओव्हरटाइममध्ये 132-131 अशी घेतली. मी ती घरी फोनवर पाहिली आणि त्या एका पॉइंटने मी पेसर्सचा झालो. किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मुंबईत जन्मलेले, त्यामुळे आमच्या ग्रुपमधले बरेच जण त्या बाजूला गेले. मला ते जमलं नाही.

आता सीझनची बांधणी. 30 टीम, 15 ईस्ट, 15 वेस्ट. प्रत्येकीच्या 82 मॅच, 41 घरी, 41 बाहेर. एकूण 1230. ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे दिवाळीच्या आसपास, कपाशीची वेचणी चालू असताना. एप्रिलच्या मध्याला 82 पूर्ण होतात. दोन्ही बाजूंचे पहिले सहा थेट प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांमध्ये. सातवा ते दहावा यांची प्ले-इन होते: सातवा-आठवा खेळतात, जिंकेल तो सातव्या जागेवर बसतो. नववा-दहावा खेळतात, हरेल तो घरी. मग पहिल्यातला हरलेला आणि दुसऱ्यातला जिंकलेला शेवटच्या जागेसाठी भिडतात. पुढे प्लेऑफच्या चार फेऱ्या आणि जूनमध्ये फायनल.

मध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात एनबीए कप असतो, 2023 पासून सुरू झालेला. त्याच्या गटातल्या मॅच 82 मध्येच धरतात. फेब्रुवारीत ऑल-स्टार, म्हणजे निवडक मोठ्या खेळाडूंची हौसेची मॅच, ते नाही पाहिलं तरी चालेल. पण फेब्रुवारीतली खेळाडूंच्या अदलाबदलीची शेवटची तारीख चुकवू नका. 2025 च्या फेब्रुवारीत, रविवारी सकाळी, टेम्पो गेल्यावर मी कॅन धूत होतो आणि फोन थांबेना. डॅलसने लुका डॉन्चिचला लेकर्सला देऊन अँथनी डेव्हिस घेतला होता. ज्या खेळाडूने त्यांना आठ महिन्यांपूर्वी फायनलपर्यंत नेलं, त्याला. त्या दिवशी मी वहीत डॅलसच्या पानावर नुसती रेघ मारली.

वही म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या मते अख्खा सीझन तिच्यावरच उभा आहे. लाल पुठ्ठ्याची लांब वही घ्या, किराणा दुकानात उधारी लिहितात तसली. एका टीमसाठी 82 ओळी आखा. रकाने एवढेच: तारीख, कोणाशी, घरी की बाहेर, चौथा क्वार्टर सुरू होताना स्कोअर, शेवटचा स्कोअर, टर्नओव्हर (शॉट न घेताच बॉल समोरच्याकडे गेला ते) किती, कोण खेळला नाही. शेवटचा रकाना विसरू नका. या लीगमध्ये कधी आज एका गावात आणि उद्या दुसऱ्या गावात अशा लागोपाठ दोन मॅच येतात, दुसऱ्या दिवशी मोठा खेळाडू बसवून ठेवतात. वहीत ते लिहिलेलं नसलं तर महिन्याने तुम्हाला ती हार उगीच मोठी वाटेल.

मॅच पाहिली नाही तरी ओळ भरायची. एनबीएच्या ॲपवर बॉक्स स्कोअर, म्हणजे प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांचा तक्ता, मिळतो, यूट्यूबवर त्यांच्याच चॅनेलला दहा-एक मिनिटांचे हायलाइट्स असतात. पूर्ण मॅच दाखवण्याचे हक्क इकडून तिकडे जात राहतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कुठे लागणार ते बघून मगच पैसे भरा. गेल्या वर्षीचं रिचार्ज डोळे झाकून करू नका.

बॉक्स स्कोअर वाचायला मला दुधाने शिकवलं. एखाद्या म्हशीचं फॅट आज 6.8 लागतं, उद्या 5.9. म्हणून मी त्या माणसाला बोलत नाही. म्हैस वाफेला आली असेल, चारा बदलला असेल, दूध नीट ढवळलं नसेल. दहा दिवसांचं बिल काढताना सरासरी बघतो, तेव्हा खरं काय ते समजतं. खेळाडूचंही तसंच. एका रात्री दहापैकी दोन शॉट पडले म्हणजे तो संपला नाही, आणि दहापैकी आठ पडले म्हणजे तो मोठाही झाला नाही. मी ज्या दिवशी दुधाची बिलं काढतो, त्याच संध्याकाळी गुणतक्ता वहीत उतरवतो. दहा-दहा दिवसांनी. रोज तक्ता बघणारा माणूस रोज घाबरतो.

याचं माझ्याकडे पक्कं उदाहरण आहे. 2024 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला माझी पेसर्स 10 जिंकून 15 हरलेली होती. भाचा म्हणाला, मामा, टीम बदला. मी बदलली नाही. पानं उलटली तर दिसत होतं की निम्म्या मॅचला कोणी ना कोणी जखमी आहे आणि टर्नओव्हरचा रकाना मात्र स्वच्छ आहे. बॉल सांभाळणारी टीम होती ती. एप्रिलमध्ये 50-32 वर थांबली, ईस्टमध्ये चौथी. 82 मॅचची लीग अशीच असते, तिला 25 मॅचवरून तोलू नका.

आता एक मॅच कशी बघावी. तुम्ही शाळेत खेळला असाल तर थोडा फरक लक्षात घ्या. आपल्याकडे दहा मिनिटांचे चार क्वार्टर आणि पाच फाउलला बाहेर. तिथे बारा मिनिटांचे चार आणि सहा फाउल. क्वार्टरमध्ये टीमचा पाचवा फाउल झाला की समोरच्याला फ्री थ्रो. थ्री-पॉइंटची रेघही लांब, 23 फूट 9 इंच, कोपऱ्यात 22.

आणि 24 सेकंदांचं घड्याळ. हे कुठून आलं ते माहीत असलं तर मॅच वेगळी दिसते. पूर्वी शॉटला वेळेचं बंधन नव्हतं, पुढे असलेली टीम बॉल धरून बसायची. 1950 मध्ये एक मॅच 19-18 अशी संपली. मग सिरॅक्यूझ टीमचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशोब मांडला. चांगल्या मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून साधारण 120 शॉट घेतात, मॅच 48 मिनिटांची म्हणजे 2880 सेकंदांची, भागा 120 ने, 24 येतात. 1954 पासून हे घड्याळ लागलं आणि आजही तेच आहे. मला हा भागाकार फार आवडतो. लिटरचा भाव काढावा इतका तो सरळ आहे.

पूर्ण अडीच तास कोणाला मिळत नाहीत, म्हणून मी चौथा क्वार्टर ठरवून बघतो आणि बाकीचं जमेल तसं. बघताना बॉलवरून डोळे काढायला शिका. एका वेळी एकच गोष्ट धरा. मी सुरुवात पिक-अँड-रोलपासून करायला सांगेन. बॉल हातात असलेल्या खेळाडूजवळ त्याचा एक धिप्पाड गडी येऊन उभा राहतो, बॉलवाल्याच्या रक्षकाच्या वाटेत, बांधावरच्या खांबासारखा. रक्षक त्याला धडकतो, अडकतो. तेवढ्या एका पावलात बॉलवाला सुटतो. आता धिप्पाड गड्याचा रक्षक कोंडीत सापडला: पुढे येऊन बॉल अडवावा की आपला माणूस धरावा? पुढे आला तर मागचा गडी रिंगकडे पळतो आणि पास मिळून सोपं बास्केट करतो. पेसर्सकडे माइल्स टर्नर होता, तो रिंगकडे न पळता उलट मागे रेघेबाहेर सरकायचा आणि तिथून तीन पॉइंट टाकायचा. हे एवढंच एक आठवडा बघा. दर मॅचला पन्नासदा दिसेल, आणि दर वेळी रक्षकाने काय निवडलं ते तुम्हाला आधी समजायला लागेल. बॉल नुसता बघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

रात्री जागणाऱ्यांसाठी वेगळी सोय आहे. त्यांच्या रविवारच्या दुपारच्या मॅच आपल्याकडे रात्री उशिरा लागतात, दुपारी साडेतीनची असली तर थंडीत पहाटे दोनला. ज्यांची थ्री-फेजची पाळी रात्रीची आहे आणि गव्हाला पाणी द्यायला मळ्यात जावंच लागतं, त्यांनी ती मॅच धरावी. माझे जिभाऊ असंच बघायला लागले. मोटार चालू करायची, बारं लावायचं, बारं भरेपर्यंत एक क्वार्टर. आणि नाताळच्या दिवशी पाच मॅच असतात, पहिली दुपारी बाराची, म्हणजे आपल्याकडे 25 डिसेंबरला रात्री साडेदहाला. त्या रात्री आमच्याकडे मळ्यात भरताचा बेत असतो. तुरीच्या काड्यांवर वांगी भाजायची, बडजीत ठेचायची, कळण्याची भाकरी. जेवण उरकून हात धुतले की मॅच सुरू. ज्यांना हा खेळ पहिल्यांदा दाखवायचा आहे त्यांना या रात्री बोलवा, कारण सकाळी सहाला कोणी नवीन माणूस येत नाही.

एप्रिल-मे. ऊन 44 वर जातं, अंगणात पापड-कुरडया वाळत असतात आणि तिकडे प्लेऑफ सुरू होतात. इथून सगळं बदलतं. आता एकाच टीमशी सात मॅचपर्यंत, चार जिंकेल तो पुढे. तक्त्यात वर असलेल्या टीमच्या घरी पहिल्या दोन, मग दुसऱ्याच्या घरी दोन, पुढे लागतील तशा एक-एक आलटून पालटून. सातवी लागली तर ती वरच्याच्या घरी. म्हणून डिसेंबरातली एक साधी मॅचही महाग असते. अजिंक्यपदासाठी चार फेऱ्या गुणिले चार, 16 विजय लागतात.

वहीत आता ओळ पुरत नाही, दर मॅचला अर्धं पान द्या. लिहायची गोष्ट एकच: कालच्या मॅचनंतर कोचने काय बदललं. कोणाच्या अंगावर कोणाला लावलं, कोणाला बसवलं. सीझनमध्ये बदल करायला वेळ नसतो, प्लेऑफमध्ये तोच खेळ असतो. तीन-एकने मागे पडलं तरी आशा सोडू नका. 2016 च्या फायनलमध्ये क्लीव्हलँड असंच मागे होतं, समोर सीझनमध्ये 73 जिंकून फक्त 9 हरलेली वॉरियर्स, आणि तरी क्लीव्हलँडने सातवी मॅच 93-89 ने घेतली.

2025 ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, 30 एप्रिलला होती. दोन्ही बहिणी माहेरी आलेल्या, निंबाला झोका बांधलेला, घरात सांजोऱ्यांचा वास. त्याच पहाटे पेसर्स आणि मिलवॉकीची पाचवी मॅच. ओव्हरटाइमचं एक मिनिटही उरलं नव्हतं आणि आम्ही सात पॉइंटनी मागे. मी ओट्यावर बसलो होतो. एक बास्केट, एक चोरलेला बॉल, समोरच्यांच्या हातून सुटलेला एक पास, आणि शेवटच्या दीड सेकंदाच्या आत आमचा टायरिस हॅलिबर्टन रिंगखाली शिरला. 119-118. मोठी बहीण चहा घेऊन बाहेर आली तर मी रडत होतो. तिला वाटलं घरात काही झालं.

म्हणून सांगतो, या दोन महिन्यांत कामाची अदलाबदल आधीच करून ठेवा. त्या वर्षी पेसर्स फायनलला पोचली, समोर ओक्लाहोमा सिटी, आणि पहिली मॅच 6 जूनला सकाळी सहाला होती. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला ओक्लाहोमा पंधराने पुढे, तेवढ्यात टेम्पो आला. टेम्पो थांबत नाही, त्याला पुढची गावं असतात. मी कॅन चढवत राहिलो. परत आलो तोवर पेसर्स 111-110 ने जिंकली होती. त्या मॅचमध्ये ते पहिल्यांदा पुढे गेले ते 0.3 सेकंद उरले असताना, आणि ते मी लाइव्ह पाहिलं नाही. पुढच्या मॅचपासून भाच्याला सकाळी बोलवून घेतलं.

सातवी मॅच 23 जूनला, सोमवारी, साडेपाचला. आर्द्रा नुकतं लागलेलं, रात्री पाऊस होऊन गेला होता. सीझनमध्ये 68 जिंकलेली ओक्लाहोमा, त्यांच्याच घरी. हॅलिबर्टनची पोटरी पाचव्या मॅचपासून दुखावलेली, तरी तो उतरला आणि सुरुवातीलाच तीन थ्री-पॉइंटर टाकले. पहिल्या क्वार्टरमध्येच, बॉल घेऊन निघताना, कोणाचा धक्का नसताना तो खाली पडला आणि हाताने जमीन बडवायला लागला. उजव्या टाचेमागची शीर तुटली होती. माझ्या हातात नमुन्याची बाटली तशीच राहिली. किटली घेऊन उभे असलेले एक आबा फोनकडे बघून म्हणाले, "काय व्हयनं रे भाऊ? पोऱ्या पडना का?"

त्याच्याशिवायही हाफटाइमला पेसर्स 48-47 ने पुढे होती. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ओक्लाहोमाने 34-20 असं ओढून नेलं आणि मॅच 103-91 ने घेतली. त्यांचा शे गिल्जस-अलेक्झांडर सीझनचाही सर्वोत्तम खेळाडू आणि फायनलचाही. ओक्लाहोमा सिटीत टीम 2008 मध्ये सिॲटलहून आली, त्यानंतरचं हे पहिलंच अजिंक्यपद. ते त्यांनी कमावलं होतं, 68 ओळी आधीच सांगत होत्या. मी वहीत तसंच लिहिलं.

फायनल संपली की वही लगेच बांधून ठेवू नका, शेवटचं पान मोकळं ठेवा. काही दिवसांतच ड्राफ्ट, म्हणजे टीमनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडणं, होतो, जुलैत खेळाडू टीम बदलतात. टर्नर मिलवॉकीला गेला, ज्यांना आखाजीला हरवलं त्यांच्याकडेच. हॅलिबर्टनचं ऑपरेशन झालं आणि पुढचा पूर्ण सीझन तो खेळणार नाही असं टीमने सांगितलं. ते सगळं त्या पानावर आहे, आणि नव्या वहीची पहिली ओळ तिथूनच सुरू केली.

आबांनी अजून मॅच एकही पूर्ण पाहिलेली नाही. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी दूध घालताना, फॅटची पावती हातात घेऊन, त्यांनी मला विचारलं, "त्या पोऱ्याना पाय कसा शे आते?"